जोतीराव फुले यांचे गंज पेठेतील घर

आपल्या घरांतून भगवान बुद्धांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर असते. त्यांच्या शेजारी पुष्कळ ठिकाणी पागोटे घातलेल्या आणखी एका पुरुषाची तसबीर लावलेली आढळते. लहान मूल विचारते, हे कोण? आपण सांगतो, जोतीराव फुले. मग मूल विचारते, ते बौद्ध होते का? इथे वडीलधाऱ्यांची थोडी अडचण होते. खरे उत्तर असे की, जोतीराव बौद्ध नव्हते. ते १८९० साली वारले आणि नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर ६६ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली. जोतीराव सृष्टीचा एक निर्मिक मानीत. आपण तो मानीत नाही. असे असूनही बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले, त्यांत भगवान बुद्ध आणि कबीर यांच्यानंतर जोतीरावांचे नाव घेतले. शूद्र पूर्वी कोण होते हा आपला १९४६ सालचा ग्रंथही त्यांनी जोतीरावांच्या स्मृतीस अर्पण केला. याचे कारण जोतीरावांच्या पुस्तकांतून मिळतेच. पण पुस्तके वाचायला ज्यांना सवड नाही त्यांनी निदान त्यांच्या घराची हकिकत समजून घ्यावी. कारण या माणसाने गुलामगिरी आधी स्वतःच्या घरातून काढली आणि मग तिच्यावर पुस्तक लिहिले.

पैनगंगेच्या काठच्या देऊळघाटसारख्या गावी बसून पुण्याच्या गंज पेठेतले घर फार दूरचे वाटते. पण जोतीरावांचे जे पहिले सविस्तर चरित्र मानले जाते ते पुण्यात लिहिले गेले नाही. ते आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात लिहिले गेले. देऊळघाटहून बुलढाण्याला यावे आणि तिथून चिखलीची वाट धरावी, एवढेच ते अंतर. पंढरीनाथ सीतारामजी पाटील या सत्यशोधक कार्यकर्त्याने ते चरित्र लिहिले आणि १९२७ साली ते चिखलीहून प्रसिद्ध झाले. पुण्याला ज्या माणसाचा विसर पडत चालला होता त्याची आठवण वऱ्हाडाने ठेवली. साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. जोतीरावांच्या जन्माला त्या वर्षी शंभर वर्षे झाली होती आणि त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते.

जोतीरावांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. आडनाव गोऱ्हे. पुण्यात येऊन पेशव्यांना फुले पुरवण्याचा धंदा पडला म्हणून लोक फुले म्हणू लागले. ११ एप्रिल १८२७ रोजी जोतीराव जन्मले. मूल वर्षाचेही झाले नव्हते तोच आई चिमणाबाई वारल्या. वडील गोविंदराव यांनी दुसरे लग्न केले नाही. नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर या बालविधवेने जोतीरावांना आईच्या मायेने वाढवले. सगुणाबाई एका मिशनरी साहेबाच्या घरी मुले सांभाळीत आणि शिक्षणाचे मोल त्यांना तिथे कळले होते. जातभाईंच्या आणि भटांच्या सांगण्यावरून गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढून मळ्यात घातले, तेव्हा शेजारचे गफार बेग मुनशी आणि लिजिट नावाचे एक साहेब यांनी बापाची समजूत घातली. १८४१ साली जोतीराव पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. एक विधवा, एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती अशा तिघांनी मिळून हा मुलगा शाळेत ठेवला. मातंग समाजातील लहुजी वस्ताद साळवे यांच्या आखाड्यात तो दांडपट्टा आणि कुस्ती शिकला. १८४० साली साताऱ्याकडील नायगावच्या सावित्रीबाईंशी त्याचे लग्न झाले होते. त्या तेव्हा नऊ वर्षांच्या आणि जोतीराव तेरा वर्षांचे.

पुढे १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीराव सामील झाले असता, माळ्याच्या पोराने आमच्या बरोबरीने चालावे काय, म्हणून त्यांचा भर रस्त्यात अपमान झाला. ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत शिकवतात. पण अपमान काय, लाखो लोकांचे रोजच होत होते. घरी जाऊन गोविंदरावांनीही मुलाला तेच सांगितले, की पेशवाईत असे केले असते तर हत्तीच्या पायी दिले असते, आता निदान जिवंत घरी आलास. अपमान झालेला प्रत्येक जण जोतीराव होत नाही. त्याआधी वर्षभर जोतीराव एक पुस्तक वाचत होते, ते फार महत्त्वाचे.

ते पुस्तक टॉमस पेन या ग्रंथकाराचे होते. माणसाला माणूस म्हणून जन्मतःच हक्क असतात, ते राजाने दिलेले नाहीत आणि भटभिक्षुकांनीही दिलेले नाहीत, असे त्यात मांडले आहे. ते १७९१ आणि १७९२ साली दोन भागांत निघाले. पेन इंग्लंडात १७३७ साली जन्मला. त्याचा बाप क्वेकर पंथाचा होता. या पंथाविषयी आपल्या लोकांना थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यात आपल्या ओळखीचे काही आहे.

क्वेकर हा सतराव्या शतकात इंग्लंडात निघालेला ख्रिस्ती पंथ. त्यात मूळचा पगारी पुरोहित नाही. लोक साध्या खोलीत एकत्र जमून शांत बसतात आणि ज्याला आतून बोलावेसे वाटेल तो बोलतो, मग तो पुरुष असो की बाई. त्या काळी इंग्लंडात सरदार समोर आला की गरिबाने टोपी काढून वाकायचे असा रिवाज होता. क्वेकरांनी टोपी काढण्याचे नाकारले. एवढ्यासाठी कित्येकांनी तुरुंग भोगला. ज्यांच्या आजोबांना पाटलाच्या वाड्यासमोर वाकून जोहार घालावा लागे आणि ज्यांनी तो टाकून जयभीम धरला, त्यांना ही टोपीची गोष्ट समजावून सांगायला नको.

पण या सज्जन लोकांच्याही घरात गुलाम होते, हे लपवण्याचे कारण नाही. अमेरिकेत जाऊन वसलेल्या क्वेकरांनी आफ्रिकेतून पकडून आणलेली काळी माणसे विकत घेतली, शेतात आणि घरात राबवली. १६८८ साली फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाऊन वस्तीतल्या चौघांनी, हे आपल्या धर्माला धरून नाही, असा लेखी निषेध आपल्याच पंथाच्या सभेकडे पाठवला. सभेने तो वरच्या सभेकडे ढकलला आणि तो तसाच पडून राहिला. जॉन वूलमन नावाचा एक क्वेकर शिंपी गावोगाव पायी फिरून गुलामांच्या मालकांशी त्यांच्याच ओसरीवर बसून बोलत राहिला. शेवटी १७७६ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने ठरवले की, जो गुलाम ठेवील तो आमच्यात राहणार नाही. निषेधापासून ठरावापर्यंत ८८ वर्षे गेली. स्वतःचे घर झाडायलाच एवढा काळ लागला. त्यानंतर मात्र जगाला सांगण्याचा अधिकार त्यांना आला. पेन १७७४ साली याच फिलाडेल्फियाला जाऊन राहिला. १७८० साली पेनसिल्व्हेनिया प्रांताच्या विधिमंडळाने गुलामगिरी हळूहळू संपवण्याचा कायदा केला, तेव्हा पेन त्या विधिमंडळाचा कारकून होता. अशा माणसाचे पुस्तक पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलाच्या हाती पडले होते. लग्नातला अपमान त्याने वेगळ्या तऱ्हेने का घेतला, ते आता ध्यानात येईल.

त्याच सुमारास जोतीराव आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याबरोबर अहमदनगरला गेले. तिथे अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार मुलींची शाळा चालवीत. या बाई जोतीरावांच्या जन्माच्याच वर्षी अमेरिकेतून मुंबईस उतरल्या होत्या. ती शाळा पाहून जोतीराव पुण्यास परतले आणि १८४८ साली बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. हा वाडा जीर्ण झाल्यामुळे २०२३ साली स्मारकासाठी पाडण्यात आला. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरीच शिकवले होते. त्या शिक्षिका झाल्या. रस्त्याने जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल टाकीत, म्हणून त्या शाळेत बदलायला एक लुगडे बरोबर नेत.

आता घराची गोष्ट सुरू होते. १८४९ साली गोविंदरावांवर जातीचा आणि भटांचा दबाव आला. शाळा सोड, नाहीतर घर सोड, असे त्यांनी मुलाला सांगितले. गोविंदराव वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी या मुलासाठी दुसरा संसार केला नव्हता. पण वाळीत पडण्याच्या भीतीपुढे बापाची मायाही टिकत नाही, हे आपल्यापैकी ज्यांनी पहिल्यांदा गावकीची कामे सोडली त्यांना माहीत आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडले. गंज पेठेत उस्मान शेख या मित्राने त्यांना आसरा दिला, असे चरित्रांतून सांगितले आहे. पुढे त्याच पेठेत त्यांनी स्वतःचे घर केले.

शाळा थांबल्या नाहीत. १८५१ आणि १८५२ साली मुलींच्या आणखी शाळा निघाल्या आणि १८५२ साली महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाली. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा सत्कार केला. पण मला त्या शालीपेक्षा मुक्ता साळवे या मुलीचे मोल अधिक वाटते. जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ज्ञानोदय पत्रात छापून आला. तीन वर्षे अक्षरे शिकलेल्या मुलीने थेट धर्मालाच जाब विचारला.

१८५६ साली एका रात्री याच जोडप्याच्या घरात दोन मारेकरी शिरले. एक रोडे नावाचा रामोशी, दुसरा धोंडीराम नामदेव कुंभार. त्यांना पैसे देऊन पाठवले होते. जोतीरावांनी त्यांना शांतपणे विचारले की मी तुमचे काय वाकडे केले. माझ्या मरणाने तुमच्या पोटाची सोय होत असेल तर मारा, असेही सांगितले. दोघांचे हात खाली आले. रोडे पुढे जोतीरावांच्या सोबतीला राहिला आणि धोंडीराम शिकून पंडित झाला. अंगुलिमालाची कथा आपण विहारात ऐकतो. ही गोष्ट तर आपल्या पणजोबांच्या काळातली, पुण्यातली आहे.

मग १८६३ साल आले. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा गोवंड्यांच्या घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसवले. दिवस गेले, त्याने हात झटकले. मूल जन्मले तेव्हा लाजेपोटी तिने त्याचा गळा चिरला आणि प्रेत घरामागच्या विहिरीत टाकले. तिला जन्मठेप होऊन अंदमानास पाठवले. शास्त्र्याला काही झाले नाही. त्या विहिरीने जोतीराव-सावित्रीबाईंची झोप घालवली. त्यांनी आपल्या घराच्या आवारातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनो, इथे येऊन गुप्तपणे आणि सुरक्षित बाळंत व्हा, मूल न्यायचे की ठेवायचे ते तुम्ही ठरवा, अशा अर्थाच्या जाहिराती त्यांनी ब्राह्मण आळीतल्या भिंतींवर लावल्या. १८८४ साली सरकारला पाठवलेल्या पत्रात जोतीरावांनी सांगितले आहे की, तोवर ३५ विधवा येऊन बाळंत झाल्या आणि त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत होती. ज्या जातीने त्यांच्यावर मारेकरी घातल्याचा संशय होता तिच्याच लेकींची बाळंतपणे सावित्रीबाईंनी केली. १८७४ च्या सुमारास अशाच एका विधवेचा मुलगा त्या दोघांनी दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले.

गोविंदराव १८६८ साली वारले. त्याच वर्षी जोतीरावांनी आपल्या घराच्या आवारातला पाण्याचा हौद महार-मांगांना खुला केला. पुण्यात तेव्हा अस्पृश्यांना पाण्यासाठी कुणीतरी वरून ओतील म्हणून ताटकळत उभे राहावे लागे. तहानेने जीव गेला तरी हौदाला हात लावता येत नसे. उन्हाळ्यात पाण्याची किंमत काय असते ते आपल्या भागातल्या माणसांना ठाऊक आहे. ज्या आजीने उंचावरून ओतलेले पाणी ओंजळीत घेतले आहे तिला विचारा, की पाण्यापेक्षा तो उंचावरचा हात अधिक का आठवतो. सार्वजनिक पाणवठा खुला करा म्हणून अर्ज करणे सोपे. आपल्या चुलीजवळचे पाणी खुले करणे अवघड. ते केले की जात आपल्या घरी जेवत नाही, आपल्या मुलाला मुलगी देत नाही. जोतीरावांनी हे सगळे धरून चालूनच ते केले.

इथे अमेरिकेतल्या एका घराची आठवण होते. इंडियाना प्रांतात न्यूपोर्ट नावाच्या गावी लेव्ही कॉफिन आणि त्यांची पत्नी कॅथरीन या क्वेकर जोडप्याने १८३९ साली विटांचे दुमजली घर बांधले. दक्षिणेतून पळून आलेले गुलाम रात्री त्यांच्या दारावर येत, तिथे दडत आणि पुढे कॅनडाकडे जात. सुमारे दोन हजार माणसे त्यांच्या आसऱ्याने सुटली असे सांगतात. वरच्या मजल्यावर पलंगामागे झाकलेले एक छोटे दार आहे, त्याच्या आत माणसे बसत. आणि तळघरात विहीर आहे. ती घराच्या आत अशासाठी की, चार माणसांच्या घरात वीस माणसांचे पाणी का भरले जाते, हे शेजाऱ्याला कळू नये. पळालेल्या गुलामाला थारा देणे तिथे गुन्हा होता. तिकडे माणुसकीला पाणी लपवावे लागले आणि इकडे जोतीरावांनी ते उघड्यावर ठेवले. दोन्ही घरांत धोका सारखाच होता.

अमेरिकेतली ती लढाई त्या काळी आपल्या जिल्ह्याच्या दारापर्यंत आली होती, हे थोड्यांना माहीत असते. १८६१ ते १८६५ या काळात तिकडे गुलामगिरीवरून यादवी युद्ध झाले. गुलामांनी पिकवलेला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावची पेठ त्या दिवसांत नावारूपाला आली. १८६५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने बंद झाली. युद्ध संपल्यावर कापसाचा भाव पडला तो निराळा. खामगावच्या व्यापाऱ्याने त्या युद्धातून दर वाचला. गंज पेठेत बसलेल्या जोतीरावांनी त्यातून काय वाचले, ते १८७३ साली दिसून आले.

त्या वर्षी त्यांचे गुलामगिरी हे पुस्तक निघाले. आत धोंडिबा नावाच्या गड्याशी जोतीबांचे संवाद आहेत. भाषा खेड्यातल्या माणसाला कळेल अशी रांगडी. पण पहिल्या पानावर इंग्रजीत अर्पणपत्रिका आहे. अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी काळ्या लोकांना दास्यातून सोडवण्यासाठी निःस्वार्थपणे झीज सोसली, त्यांना हे पुस्तक अर्पण केले आहे. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता घेऊन शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून मुक्त करावे, अशी इच्छा त्यात व्यक्त केली आहे. शूद्रातिशूद्र आणि अमेरिकेतले गुलाम यांत जोतीरावांना फरक दिसला तो इतकाच की, इथल्यांना जिंकून दास केले आणि तिथल्यांना अचानक पकडून. हाल तेच. या अर्पणपत्रिकेत मोठे धैर्य होते, कारण त्या वेळी पुण्यात जातीला गुलामगिरी म्हणणे म्हणजे धर्मावरच घाला मानला जाई. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्या लोकांचे पुढारी डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघापुढच्या त्यांच्या अर्जाची चौकशी केली. वाट तीच होती.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. भटावाचून लग्ने लागू लागली, आणि लग्नात वधूही बोलू लागली. पुढच्या गोष्टी मी थोडक्यात आवरतो, कारण त्या सर्वत्र छापलेल्या आहेत. १८७६ ते १८८२ जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. गव्हर्नर जनरलच्या स्वागताला हजार रुपये उधळण्याच्या ठरावास त्यांनी एकट्याने विरोध केला. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. १८८३ साली शेतकऱ्याचा असूड लिहिला. पोटासाठी ते बांधकामाची कंत्राटे घेत, आणि तो पैसा शाळांत आणि समाजात घालीत. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली.

त्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक लिहून काढले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. बंधू-भगिनींनो, त्यातला एक भाग आपण प्रत्येकाने ध्यानात घ्यावा असा आहे. जोतीराव एका कुटुंबाची कल्पना करतात. घरातल्या बाईने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून तिला पटले तर बौद्ध धर्म घ्यावा. तिच्या नवऱ्याने बायबल वाचून हवे तर ख्रिस्ती व्हावे. मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे आणि मुलाने सत्यधर्मी व्हावे. चौघांनी एकाच घरात एकमेकांचा हेवा न करता गोडीने नांदावे. ते १८८९ साली लिहिले गेले आहे. त्या घरातली पहिली बौद्ध व्यक्ती बाई आहे, हे वाचून मला दरवेळी नवल वाटते.

आता आपली घरे पाहा. दीक्षा घेतलेला मुलगा घरी येतो आणि आईने जिवापाड जपलेले खंडोबाचे टाक रातोरात नदीत टाकतो. टाक गेले याचे मला दुःख नाही. ते जायलाच हवेत, बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांत ते स्वच्छ आहे. पण त्या माउलीला त्या रात्री काय मिळाले? तिला कुणी अक्षरओळख करून दिली नाही, बुद्ध आणि त्यांचा धम्म तिच्यापुढे कुणी वाचला नाही. मग ती सणावाराला चोरून शेजारणीच्या देव्हाऱ्यापुढे उभी राहते आणि मुलगा तिच्यावर ओरडतो. जोतीरावांच्या कल्पनेतली बाई आधी वाचते, मग बौद्ध होते. त्यांनी स्वतःच्या घरात आधी सावित्रीबाईंना पाटी दिली होती. दुसरीही एक गोष्ट बोलून टाकतो. मातंग बांधवाच्या घरचे पाणी घेताना आपल्यातल्या काही घरांत आजही चुळबुळ होते. गंज पेठेतल्या हौदावर महार आणि मांग असे दोन काठ नव्हते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. आपल्याला पुरावे अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवली होती आणि घराच्या आवारात जागाही योजली होती. नगरपालिकेने परवानगी दिली नाही, म्हणून दहन करावे लागले. अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी वाद काढला. यशवंत दत्तक, त्यातून विधवेचा मुलगा, त्याने टिटवे धरायचे नाही, असे ते म्हणू लागले. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. टिटवे आपल्या हाती घेऊन त्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेपुढे चालल्या. स्त्रीने स्मशानाची वाट धरू नये असे मानणाऱ्या पुण्याने ते दृश्य पाहिले. अस्थी आणून घराच्या आवारात, जोतीरावांनी योजलेल्या जागी ठेवण्यात आल्या.

यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना उघडवला. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाला. त्याला छप्पन-सत्तावन्न वर्षांच्या म्हणाव्यात तर त्याहूनही म्हाताऱ्या, सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.

गंज पेठेतले ते घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. पेठेलाही आता महात्मा फुले यांचे नाव आहे. बुलढाण्याकडून पुण्याला एसटीने जाणाऱ्यांनी स्वारगेटला उतरावे. तिथून ते चालत जाण्यासारखे आहे, समताभूमी कुठे असे कुणालाही विचारले तरी सांगतात. घर बैठे आणि साधे आहे, दारातून आत जाताना उंच माणसाला जपावे लागते. आवारात जोतीरावांची समाधी आहे. ११ एप्रिलला आणि २८ नोव्हेंबरला तिथे फार गर्दी असते, म्हणून म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना घेऊन जायचे असल्यास एखादा साधा दिवस धरावा. पाण्याची जागा मुलांना आधी दाखवावी आणि सालही सांगावे, १८६८.